मलालाचं संयुक्त राष्ट्रांतलं भाषण: मन वळवण्याच्या युक्त्या कशा ओळखाव्यात

१२ जुलै २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात मलाला युसुफझाई बोलायला उभी राहिली. त्याच दिवशी तिला सोळा वर्षं पूर्ण झाली होती. भाषण साधारण सतरा मिनिटांचं, विषय एकच: प्रत्येक मुलामुलीचा शिक्षणाचा हक्क. भाषणकलेचा अभ्यास सुरू करणाऱ्याला मी हेच भाषण आधी घ्यायला सांगेन. भाषा सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि तरीही त्यात शिकण्यासारखं खूप आहे.

पहिल्यांदाच विश्लेषण लिहिणाऱ्यांची वही बहुतेक एकसारखी दिसते. पुनरुक्ती, रूपक, विरोध, भावनिक आवाहन अशी नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे एकेक उदाहरण. यादी चुकीची नसते, पण ती वाचून भाषण का पटलं ते कळत नाही. म्हणून मी वेगळी सवय लावून घ्यायला सांगतो. प्रत्येक युक्तीमागे एक श्रोता असतो आणि त्या श्रोत्याच्या मनात एखादी शंका असते. आधी ती शंका शोधा. ती सापडली, की युक्तीचं नाव तुम्हाला आठवलं नाही तरी तिचं काम नेमकं सांगता येतं.

(पुढे आलेली वाक्यं मूळ इंग्रजीवरून मी मराठीत आणली आहेत. तुम्ही लिहिताना मूळ भाषण समोर ठेवा.)

पायरी १: आधी ऐका, मग वाचा

भाषणाचं चित्रीकरण सहज मिळतं. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन घेऊ नका. दुसऱ्यांदा लिखित प्रत समोर ठेवा आणि दोनच खुणा करा: ती कुठे थांबते आणि टाळ्या कुठे पडतात. टाळ्यांच्या खुणा पुढे फार कामाला येतात, कारण सभागृहाला काय भिडलं त्याचा तो हाताशी असलेला पुरावा आहे. इंग्रजी ही मलालाची मातृभाषा नाही. ती पश्तो बोलणाऱ्या घरातली. ऐकताना लक्षात येतं की अवघड शब्द जवळजवळ नाहीतच. सगळा भार वाक्यांच्या रचनेवर आणि ठेक्यावर आहे.

पायरी २: पार्श्वभूमीचा एक कागद

एका कागदावर मावेल एवढीच माहिती लिहा. मलालाचा जन्म १९९७ चा, पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या मिंगोरा शहरातला. वडील झियाउद्दीन शाळा चालवत. जानेवारी २००९ पासून स्वातमध्ये मुलींच्या शाळा बंद करण्याचा हुकूम तालिबानने काढला. त्या दिवसांत अकरा वर्षांची मलाला ‘गुल मकई’ या टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी दैनंदिनी लिहीत होती. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेतून घरी परतताना गाडीत तिच्यावर गोळी झाडली गेली आणि तिच्या दोन मैत्रिणीही जखमी झाल्या. पाकिस्तानात उपचार झाल्यावर तिला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला नेण्यात आलं. त्यानंतर नऊ महिन्यांनी हे भाषण झालं.

कागदाच्या तळाशी आणखी दोन ओळी हव्यात. शिक्षण हा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, कलम २६ मध्ये, आधीच म्हटलं होतं. पाकिस्तानच्या राज्यघटनेतही २०१० साली कलम २५-अ आलं आणि ५ ते १६ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर आली. म्हणजे कागदावर हक्क होताच. या दोन ओळी विसरू नका, पुढे त्यांचं काम आहे.

पायरी ३: ऐकणारे कोण होते?

या पायरीवर भरपूर वेळ घालवा. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग सगळं विश्लेषण पोकळ होतं.

सभागृहात अनेक देशांतून आलेले शेकडो तरुण होते. पुढच्या रांगांत सरचिटणीस बान की-मून, आमसभेचे अध्यक्ष वुक येरेमिच, जागतिक शिक्षणासाठी नेमलेले विशेष दूत गॉर्डन ब्राऊन अशी मंडळी होती. त्यांच्यामार्फत सगळ्या देशांची सरकारं ऐकत होती. हा झाला दिसणारा श्रोता.

न दिसणारे श्रोते जास्त अवघड होते. पाकिस्तानात तिचा अभिमान वाटणारे पुष्कळ होते, पण ती पाश्चात्त्यांच्या हातातलं बाहुलं आहे, गोळीबार हाच मुळी बनाव आहे, असं म्हणणारेही होते. मुलींना शाळेत पाठवणं धर्माला धरून आहे का, या संभ्रमात असलेले पालक होते. ज्यांनी गोळी झाडली ते होते. आणि आपापल्या गावी टीव्हीसमोर बसलेल्या मुली होत्या, ज्यांना एवढंच ठरवायचं होतं की उद्या शाळेत जायचं की नाही.

आता प्रत्येकाची शंका एकेका वाक्यात लिहा. ‘ही लहान मुलगी, हिला काय कळतं?’ ‘ही सूड घ्यायला आली आहे.’ ‘ही आपली राहिलेली नाही.’ ‘हे सगळं तिच्या एकटीचं आहे, माझा काय संबंध?’ ही चार वाक्यं समोर ठेवून भाषणाकडे वळा.

पायरी ४: भाषणाचे तुकडे पाडा

समासात प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ लिहा. माझे तुकडे असे पडतात: नमन आणि आभार, ‘हा दिवस माझा नाही’, गोळी, क्षमा, लेखणी आणि बंदूक, धर्म आणि पश्तून (पश्तो बोलणारा, म्हणजे तिचा स्वतःचा) समाज, इतर देशांतली मुलं, स्त्रियांनी स्वतः उभं राहणं, मागण्या, शेवटची हाक. तुमचे थोडे वेगळे पडले तरी चालेल. क्रम मात्र बघा. ती एका मुलीपासून निघते आणि सगळ्या जगापर्यंत जाते, आणि वैयक्तिक कहाणी अगदी आरंभी किंवा अगदी शेवटी न ठेवता सुरुवातीनंतर लवकर सांगून मोकळी होते.

पायरी ५: विश्वास कसा मिळवला ते पाहा

वक्त्याबद्दलचा विश्वास, श्रोत्याच्या भावना आणि तर्क या मन वळवण्याच्या तीन वाटा ॲरिस्टॉटलने सांगितल्या. त्यातली पहिली वाट मलाला भाषणाच्या पहिल्या मिनिटातच धरते. ती कृपाळू, दयाळू ईश्वराचं नाव घेऊन सुरुवात करते. मग थोरांचा मानाने उल्लेख, मग ‘प्रिय बंधूभगिनींनो’. कुठून सुरुवात करावी कळत नाही, असंही ती सांगते. यात नम्रता आहेच, पण ‘ही आपली राहिलेली नाही’ म्हणणाऱ्याला पहिलं उत्तरही आहे.

आभाराच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती सहज निसटते. ती देवाचे आभार मानते तेव्हा म्हणते, ‘ज्याच्यासाठी आपण सगळे समान आहोत’. समतेचा मुद्दा तिने अजून मांडलेलाही नाही, पण तो प्रार्थनेतून आत आला आहे. तिथे त्याला नकार देणं कुणालाच सोपं नाही.

त्या दिवशी तिच्या अंगावर बेनझीर भुट्टोंची शाल होती, आणि ती आपण पांघरली आहे हे तिने भाषणात सांगितलंही. पाकिस्तानच्या पहिल्या महिला पंतप्रधान, २००७ मध्ये मारल्या गेलेल्या. विश्लेषणात कपड्यांबद्दल लिहायचं का, असा प्रश्न नवख्यांना पडतो. वक्त्याने स्वतः त्याकडे लक्ष वेधलं असेल, तर जरूर लिहा.

पायरी ६: गोळीचा परिच्छेद शब्दाशब्दाने वाचा

इथे वेग कमी करा. तारीख, कोणी झाडली, कुठे लागली, एवढंच ती सांगते. मैत्रिणींनाही गोळ्या लागल्या हे लगेच पुढच्या वाक्यात येतं. रक्त नाही, रुग्णालय नाही, वेदना नाही. ऐकणाऱ्याला सगळं माहीतच होतं, म्हणून वर्णनाची गरज नव्हती. आणि वर्णन केलं असतं तर ती दयेचा विषय झाली असती. तिला दया नको होती, साथ हवी होती.

त्यानंतर भाषणातली सगळ्यात मोठी कलाटणी येते. गोळ्यांनी आपण गप्प होऊ असं त्यांना वाटलं, पण ते फसले. आणि त्याच शांततेतून हजारो आवाज उठले. मग: दुबळेपण, भीती आणि निराशा मेली, बळ, शक्ती आणि धैर्य जन्माला आलं. ज्या प्रसंगात ती स्वतः मरणार होती, तिथे ‘मरणं’ हे क्रियापद तिने भीतीला लावलं आहे. शाळेत आपण शिकलेली चेतनगुणोक्ती ती हीच, आणि तिला जोडून आलेला मेली–जन्मली हा विरोध. मात्र एवढं लिहून थांबू नका. हे वाक्य कोणासाठी आहे? घाबरवून गप्प बसवता येतं, असं मानणाऱ्यांसाठी. आणि त्याहून जास्त त्या टीव्हीसमोरच्या मुलीसाठी, जी आजही घाबरलेली आहे.

पायरी ७: नावांची माळ सोडवा

सगळ्या भाषणात मला सर्वांत विचारपूर्वक रचलेला वाटतो तो हा भाग. मला कुणाचाही सूड घ्यायचा नाही, असं ती सांगते. तालिबानच्याही मुलामुलींना शिक्षण मिळावं असं ती मागते. गोळी झाडणारा समोर आला आणि माझ्या हातात बंदूक असली, तरी मी झाडणार नाही, म्हणते. मग हे ती कुठून शिकली ते येतं. करुणा मुहम्मद पैगंबर, येशू ख्रिस्त आणि बुद्धांकडून. परिवर्तनाचा वारसा मार्टिन ल्यूथर किंग, नेल्सन मंडेला आणि मुहम्मद अली जिना यांच्याकडून. अहिंसा गांधीजी, बाचा खान आणि मदर तेरेसा यांच्याकडून. आणि क्षमा आपल्या आईवडिलांकडून.

‘थोर व्यक्तींचे दाखले दिले आहेत’ एवढं लिहून पुढे जाणं म्हणजे या भागावर अन्याय आहे. प्रत्येक त्रिकुटात एक तरी नाव असं आहे, ज्यावर पाकिस्तानी मुस्लिम श्रोता आपला हक्क सांगेल: पैगंबर, जिना, बाचा खान. आणि प्रत्येकात जगातल्या इतर श्रोत्यांचीही नावं आहेत. पाकिस्तानी मुलीने जागतिक व्यासपीठावर गांधीजींचं नाव घेणं साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या लगेच पुढे बाचा खान येतात. आपण ज्यांना सरहद्द गांधी म्हणून ओळखतो तेच खान अब्दुल गफारखान, ज्यांनी पश्तूनांमध्येच खुदाई खिदमतगारांची अहिंसक फौज उभी केली. या एका नावामुळे अहिंसा बाहेरून आणलेली राहत नाही, ती पश्तूनांच्या स्वतःच्या इतिहासातली ठरते. पश्तून म्हणजे बंदूक, असं समजणाऱ्या जगालाही त्यात उत्तर आहे.

बुद्धांबद्दल एक टीप. स्वात खोरं प्राचीन बौद्ध अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे, आणि २००७ साली तिथल्या जहानाबादच्या कातळातल्या बुद्धमूर्तीचा चेहरा स्फोटाने उद्ध्वस्त करण्यात आला होता. मलाला हा संबंध भाषणात सांगत नाही. तुम्हाला तो लिहायचा असेल तर ‘असा अर्थ लावता येईल’ असं म्हणून लिहा. वक्त्याच्या तोंडी नसलेलं त्याच्या नावावर घालू नये.

आता माळेचा शेवट पाहा. चढत्या क्रमाच्या रचनेला आपण सार अलंकार म्हणतो. इथे चाल उलटी आहे: पैगंबर आणि अवतारी पुरुषांपासून ती नेत्यांपर्यंत येते, आणि तिथून घरी, आईवडिलांपर्यंत. कागदावर हा उतार दिसतो, पण परिणाम चढता आहे. मंडेला होणं कुणालाही अशक्य वाटेल. आईवडील मात्र घरोघरी असतात. क्षमा घरात शिकता येते म्हटलं, की ऐकणाऱ्याला पळवाट उरत नाही.

पायरी ८: तर्क शोधा, आणि त्याची तपासणीही करा

अंधार पाहिला की उजेडाचं मोल कळतं, आवाज दाबला की आवाजाचं. तसंच बंदुका पाहिल्यावर आम्हाला पुस्तकांचं आणि लेखण्यांचं मोल कळलं. ही रचना आपल्या दृष्टांताच्या जवळची आहे. आधी दोन गोष्टी अशा, ज्यांना कुणीही मान डोलावेल. मग तिसरी, जी तिला पटवायची आहे. त्यामागोमाग ती पुरावे ठेवते: पाकिस्तानातल्या क्वेटा शहरातल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या १४ विद्यार्थिनी, खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या शिक्षिका आणि पोलिओ कार्यकर्त्या, स्फोटांनी उडवल्या जाणाऱ्या शाळा. क्वेटाचा हल्ला जून २०१३ चा, म्हणजे भाषणाच्या जेमतेम महिनाभर आधीचा. अंगावरची जखम जुनी झाली नव्हती.

तिच्या शाळेतल्या मुलाचा किस्साही इथेच आहे. तालिबानचा शिक्षणाला विरोध का, असं पत्रकाराने विचारल्यावर त्याने आपल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, यात काय लिहिलंय ते त्यांना माहीत नाही. मोठ्यांनी तासभर चर्चा करावी अशा प्रश्नाचं उत्तर एका लहान मुलाने दिलं आहे. ‘हिला काय कळतं?’ ही शंका इथे कोसळते.

तर्काचं आणखी एक वाक्य नेमकं पकडा: आपल्यातले निम्मे मागे रोखले गेले असतील, तर आपण सगळे यशस्वी होऊ शकत नाही. हे आवाहन दयेचं नाही, हिशेबाचं आहे. ‘माझा काय संबंध?’ म्हणणाऱ्यासाठीच ते आहे.

आता तपासणी. मोठ्या मनाच्या माणसाचं भाषण तपासताना अनेकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. नीट तपासणं हाही आदरच आहे. भाषणात आकडे फार थोडे आहेत. लाखो मुलं शाळेबाहेर आहेत एवढंच ती म्हणते, जरी त्या सुमारास युनेस्कोचा अंदाज प्राथमिक शाळेच्या वयाच्या ५ कोटी ७० लाख मुलांचा होता. कलम २६ चा उल्लेख नाही, २५-अ चाही नाही. शिक्षण हाच एकमेव उपाय, हे शेवटचं विधानही सिद्ध केलेलं नाही, ठासून सांगितलेलं आहे. हा दोष की निवड? माझ्या मते आकडे आणि कलमं गाळणं ही बरीचशी निवड आहे. त्या सभागृहाला दोन्ही पाठ होती आणि तरीही मुलं शाळेबाहेरच होती. पण तुमचं मत वेगळं असेल तर तेही मांडा, फक्त भाषणातला पुरावा देऊन.

पायरी ९: मागण्या आणि सर्वनामं

उत्तरार्धात ‘आम्ही आवाहन करतो’ या एकाच सुरुवातीची वाक्यं रांगेने येतात: जागतिक नेत्यांना, सर्व सरकारांना, विकसित देशांना, समाजांना, जगभरच्या भगिनींना. ठेका जबरदस्त आहे. आशय मात्र मला इथेच सगळ्यात सैल वाटतो: मुदत नाही, निधी नाही, कोणी काय करायचं ते ढोबळ आहे. एक मागणी वेगळी काढा: शांतता करारांत स्त्रिया आणि मुलांचे हक्क राखले जावेत. ही नेमकी आहे, आणि स्वातच्या अनुभवातून आलेली वाटते.

या भागात रंगीत पेन्सिलने ‘मी’ आणि ‘आम्ही’ अधोरेखित करा. गोळीच्या परिच्छेदात ‘मी’ दाट आहे. मागण्यांत तो जवळजवळ नाहीसा होतो. शेवटी ‘चला, आपण पुस्तकं आणि लेखण्या उचलू’ येतं, म्हणजे ऐकणाराही तिच्या बाजूला येऊन उभा असतो. ‘मी अनेकींपैकी एक’ हे तिने सुरुवातीला सांगितलं होतं. सर्वनामांनी ते करून दाखवलं.

पायरी १०: शेवटची हाक

एक मूल, एक शिक्षक, एक लेखणी, एक पुस्तक जग बदलू शकतं. चार साध्या वस्तू आणि माणसं, जी कुणीही डोळ्यांसमोर आणू शकतो. त्याआधी ती लेखणी-पुस्तकाला सर्वांत बलाढ्य शस्त्र म्हणते. शत्रूची भाषा उचलून तिने तिचा अर्थ बदलला आहे. आणि अगदी शेवटचे दोन शब्द, ‘शिक्षण प्रथम’, हे बान की-मून यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या शिक्षण मोहिमेचं नाव होतं. यजमानांचंच वचन तिने त्यांच्यासमोर मोठ्याने म्हटलं.

पायरी ११: परिच्छेद लिहा

असं लिहू नका: ‘मलालाने पुनरुक्ती वापरली आहे, त्यामुळे भाषण प्रभावी झालं आहे.’ यात ‘मलाला’च्या जागी कुणाचंही नाव घातलं तरी चालेल.

असं लिहून पाहा: ‘हल्ल्यानंतर ही मुलगी बदलली, दुसऱ्यांच्या तालावर बोलू लागली, अशी शंका पाकिस्तानात घेतली जात होती. मी तीच मलाला आहे, म्हणत ती महत्त्वाकांक्षा, आशा आणि स्वप्नं तशीच असल्याचं तीन छोट्या, एकाच घडणीच्या वाक्यांत सांगते. आशय ‘काही बदललं नाही’ हा आहे, आणि वाक्यांची घडणही बदलत नाही.’ शंका, वाक्य, रचना, परिणाम. असे पाच-सहा परिच्छेद झाले की विश्लेषण उभं राहतं. सगळ्या युक्त्या घ्यायची गरज नाही. ज्या तुम्हाला खरोखर भिडल्या त्या घ्या.

सरावासाठी तिचंच दुसरं भाषण घ्या: १० डिसेंबर २०१४ चं, ऑस्लोमधलं, कैलाश सत्यार्थी यांच्यासोबत शांततेचं नोबेल स्वीकारतानाचं. २०१३ मध्ये तिने श्रोत्यांना जवळजवळ प्रश्नच विचारले नव्हते. ऑस्लोत ती थेट विचारते की बंदुका देणं इतकं सोपं आणि पुस्तकं देणं इतकं अवघड का. दीड वर्षात ऐकणारे बदलले, तीही बदलली. तिथल्या श्रोत्यांच्या शंका आधी लिहून काढा, आणि मग पहिल्या ओळीपासून सुरू करा.